बॉयलर अटेंडंटचा रविवारचा क्लास: नोट्सला दोन स्टार, सरांना पाच

गळीत हंगाम संपला तसं आम्ही कारखान्यातल्या चौघांनी बेळगावच्या शहापुरातला हा क्लास लावला, सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्याच्या परीक्षेसाठी. नाव लिहीत नाही, पुढं तक्रार पण आहे. फी साडेचार हजार. वेळ सकाळी नऊची सांगतात आणि सुरू होतंय साडेनऊला, म्हणजे खानापूरहून सातची गाडी धरून येणाऱ्यानं बाहेर चहा पीत बसायचं.

खरं सर लई भारी. रायचूर थर्मल या कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेत. पहिल्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही, बोर्डावर नदी काढली. युक्रेनातली सिवेर्स्की दोनेत्स, आणि लुहान्स्क शहराच्या उत्तरेला तिच्या काठावर श्चास्त्या नावाचं गाव. नावाचा अर्थ सुख, आणि नशिबात काय आलं बघा. तिथं 1950 च्या दशकातलं कोळशावरचं वीज केंद्र, जळायचा मुख्यतः अँथ्रासाइट, म्हणजे एकदम कडक जातीचा कोळसा. आमच्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणी असून तो पेट धरतोय, हा कोळसा कोरडा असून पटकन पेटत नाही, व्होलाटाइल म्हणजे तापल्यावर सुटणारा जळता वायू कमी, मिलमध्ये मैद्यासारखा दळायचा आणि सोबत तेलाची नाहीतर गॅसची ज्वाळा द्यायची. मी म्हटलं, मग दुसरा कोळसा टाकायचा की. सर म्हणाले, टाक, आणि मिलमध्ये भडका उडाला की मला फोन कर.

2014 ला लढाई सुरू झाली तेव्हा केंद्र युक्रेनच्या ताब्यात राहिलं आणि अँथ्रासाइटच्या खाणी रशियाच्या बाजूच्या फुटीरतावाद्यांच्या भागात गेल्या. कोळसा तिकडून यायचा आणि वीज परत तिकडंच जायची, मधे तोफा! सप्टेंबर 2014 मध्ये गोळे पडून केंद्राला आग लागली, आजूबाजूला अंधार. देशाच्या ग्रीडशी जोडणाऱ्या लाइनी तुटल्या आणि केंद्र बेटासारखं एकटं पडलं. हे ऐकल्यावर आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो, कारण आमच्या कोजनला, म्हणजे कारखान्यातल्या वीज केंद्राला, ग्रीड ट्रिप होऊन बाहेरची लाइन तुटली की काय होतंय ते आम्हाला माहीत, टर्बाइनचा आवाज बदलतो, फ्रीक्वेन्सी 50 च्या वर पळते, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल हलते, पंधरा मिनिटांत अंगावरचा शर्ट भिजतोय. तिथल्या लोकांनी तसंच कित्येक वर्षं काढलं. आणि सरांनी विचारलं, पूर्ण बंद पडलं तर बॉयलरला पाणी देणारा फीड पंप आणि धूर ओढणारा आयडी फॅन सुरू करायला वीज कुणाकडून मागणार? वर्ग गप्प. ब्लॅक स्टार्ट, म्हणजे बाहेरची वीज नसताना बंद केंद्र सुरू करणं, ते त्या दिवशी डोक्यात शिरलं, मॅन्युअल तीनदा वाचून शिरलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी पुढचं. मार्च 2017 ला फुटीरतावाद्यांनी त्यांच्या भागातल्या खाणींचा कारभारच ताब्यात घेतला, एप्रिलमध्ये थकबाकीवरून युक्रेननं तिकडची वीज तोडली, आणि मग त्याच केंद्राला कोळसा रशियातून रेल्वेनं आणायची पाळी. भांडण ज्याच्याशी, कोळसा त्याच्याकडून. फेब्रुवारी 2022 मध्ये परत तोफमारा झाला, केंद्र बंद पडलं आणि थोड्याच दिवसांत गावच रशियाच्या ताब्यात गेलं. सर इथं थांबले, पाणी प्यायले आणि सरळ सेफ्टी व्हॉल्व्हवर आले.

आता तक्रारी. झेरॉक्स इतकी फिक्की की वॉटर ट्यूबची आकृती भुतासारखी दिसते. कन्नडमधल्या नोट्स देतो म्हणाले, तिसरा रविवार गेला तरी नाहीत, आणि आमच्यातल्या दोघांना कन्नड बोलता येतंय खरं वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मराठीत पण काही नाही. जुने प्रश्न सोडवायला वेळ कमी मिळतो, कारण श्चास्त्याला दोन रविवार गेले. मला चाललं, माझ्या शेजारच्याला अजिबात चाललं नाही, तो म्हणतो तोंडी परीक्षेत युक्रेन विचारणार आहेत काय.

लावणार असाल तर फी भरायच्या आधी नोट्स हातात घेऊन बघा, आणि पुढच्या बाकावर बसा, मागचा फॅन इतका खडखडतो की सरांचं निम्मं ऐकू येत नाही.