थ्री-डी छापील कटिंग गाइड: रेडियस-अल्नासाठी कितपत कामाचे?

रेडियस किंवा अल्ना, म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी एखादं, मोडल्यावर वाकडं जुळलंय, ते कापून सरळ करायचं आहे आणि वाक एकाच दिशेला आहे, तर दोन एक्स-रे, कोनमापक आणि सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) यांवर काम भागतं. त्यासाठी गाइडचा, म्हणजे हाडावर बसून करवत आणि ड्रिलची जागा दाखवणाऱ्या साच्यांचा, संच मागवणं म्हणजे खर्च आणि वर वाट पाहणं. वाकासोबत हाड पिळलेलंही असेल तर गोष्ट वेगळी. पीळ साध्या एक्स-रेत नीट मोजता येत नाही आणि तळहात वर-खाली फिरणं तर त्यावरही अवलंबून असतं. तिथे हा संच पैसे वसूल करतो.

नियोजनाला दोन्ही हातांचा, कोपरापासून मनगटापर्यंतचा सीटी लागतो, काप 1 मिमी किंवा त्याहून पातळ. चांगल्या हाताची आरशातली प्रतिमा हाच नमुना. मॅडेलुंगसारख्या विकारात (मनगटाजवळ रेडियसची वाढ बिघडते) दोन्ही हात बिघडलेले असतील तर नमुनाच उरत नाही. निरोगी हातांच्या लांबीतही थोडा फरक असतोच, म्हणून मनगटाशी अल्नाची पातळी वेगळी तपासून घ्यावी.

खरी दुखरी जागा म्हणजे गाइड हाडावर बसणं. रेडियसचा मधला भाग गुळगुळीत नळीसारखा. त्यावर गाइड लांबीत सरकतं, गोल फिरतं, आणि तरी बोटांना घट्टच वाटतं. जुन्या जुळणीचा उंचवटा किंवा मनगटाजवळची कड पकडणारं गाइडच मागावं. पेरिऑस्टियमचा (हाडावरच्या पातळ आवरणाचा) थर खाली राहिला तर ते तिरकं बसतं, कारण आकार सीटीतल्या उघड्या हाडावरून घेतलेला असतो. पण खरवडायचं तेवढ्याच जागेपुरतं. जास्त सोललं तर हाड जुळायला उशीर. दोन के-वायर (बारीक सरळ तारा) घालून सी-आर्मवर खात्री केल्याशिवाय करवत उचलू नये.

चांगल्या संचात, हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटच्या स्क्रूंची भोकं हाड कापण्याआधीच पाडली जातात आणि मग प्लेटच हाडाला जागेवर ओढते. पद्धत सुरेख आहे, पण टेबलावर नियोजनातलीच प्लेट हवी. 3.5 मिमीच्या साध्या स्क्रूला 2.5 चं ड्रिल, प्लेटमध्येच आट्यांनी अडकणाऱ्या लॉकिंग स्क्रूला 2.8 चं, इथे गल्लत झाली की सगळा हिशोब कोसळतो. करवतीच्या पात्याची जाडीही आधीच कळवावी, तेवढं हाड कापताना जातंच. ड्रिलच्या भोकांना धातूच्या नळ्या नसतील तर प्लास्टिकचा भुगा जखमेत पडतो. गाइड पीए-12 नायलॉनचं असेल तर निर्जंतुक करण्याच्या 134 अंशांच्या वाफेत टिकतं. पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतं, ते घेऊच नये.

दोन हाडांमधला पडदा आखडलेला असेल तर हाड अचूक सरळ होऊनही हात फिरत नाही. सगळे स्क्रू कसण्याआधी टेबलावरच फिरवून पाहावं. वाढत्या मुलांत सीटीनंतर काही महिने गेले असतील, तर गाइड वापरू नये. नवा सीटी काढावा.