नुसते ‘थ्रो’ की ‘थ्रो ईएक्स’?

निपाणीतल्या तंबाखू व्यापाऱ्यांसाठी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत हिशेबाची प्रणाली लिहिताना, पकडलेले एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना आलेली चूक) पुन्हा वर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनकडे, पाठवण्याचे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत. ‘थ्रो ईएक्स’ (ईएक्स हे पकडलेल्या एक्सेप्शनला दिलेले नाव) लिहिले की स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कोणकोणत्या फंक्शनमधून वर आली याचा माग, त्याच ओळीपासून नव्याने सुरू होतो. त्यामुळे वजनाचा आकडा वाचताना खोलवरच्या फंक्शनमध्ये झालेली चूक कॅच ब्लॉकमध्येच, म्हणजे ती पकडणाऱ्या भागातच, घडल्यासारखी दिसते आणि मूळ जागा शोधण्यात अख्खा दिवस जातो. नुसते ‘थ्रो’ तो माग राखते, म्हणून मी तेच निवडतो. जावा या दुसऱ्या भाषेत मात्र एक्सेप्शनचे ऑब्जेक्ट तयार होतानाच त्यात ट्रेस भरला जातो, त्यामुळे तेच एक्सेप्शन नावानिशी पुन्हा थ्रो केले तरी माग टिकतो. बेळगावात आधी जावा शिकलेली मुले नेमकी इथेच फसतात. चुकीला जास्तीचा संदर्भ जोडायचाच असेल, तर नवे एक्सेप्शन तयार करून जुने त्यात इनर एक्सेप्शन (आत ठेवलेले मूळ एक्सेप्शन) म्हणून द्यावे.