आईबाबांची औषधं कुठून घ्यायची? ॲप, जनऔषधी की कोपऱ्यावरचं मेडिकल

आईच्या तीन गोळ्या कायमच्या चालू आहेत, थायरॉईड, बीपी आणि शुगर, आणि तिन्हीकडून औषधं घेऊन झालीत म्हणून सांगतो.

ॲपवर सूट मिळते, घरपोच येतं, ते सगळं खरं आहे. पण डॉक्टरांनी आईची बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र असलेली दिली, मी ती ॲपवरून मागवली आणि जुनी नुसत्या अम्लोडिपिनची स्ट्रिप डब्यात तशीच राहिली, आई बिचारी दोन्ही घेत होती. थोड्या दिवसांत घोट्याजवळ पाय सुजले. खोकल्याचं औषध आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो तर तिथल्या दादांनी आधी विचारलं, "काकू, अजून काय काय चालू आहे?" आईने पर्समधून स्ट्रिपा काढल्या, त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बारीक अक्षरातलं अम्लोडिपिन बोटाने दाखवलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. ॲपवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

जनऔषधी केंद्रात औषध तेच असतं, फक्त ब्रँडचं नाव नसतं, त्यामुळे बिल निम्म्याच्याही खाली येतं. शुगरची मेटफॉर्मिन आम्ही तिथूनच घेतो. कधी कधी स्टॉक नसतो म्हणून आठवडाभर आधी जावं, आणि 500 ची आहे की 1000 ची हे स्ट्रिपवर वाचूनच घ्यायचं. थायरॉईडची मात्र कंपनी सारखी सारखी बदलू नका, बदललीच तर डॉक्टरांना सांगून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) परत तपासा. ती उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर ठेवायचं हेही आम्हाला त्या दादांनीच सांगितलं, तोवर आई दोन्ही सकाळी एकदमच घ्यायची!

पण मेडिकल म्हटलं की सगळी सारखी नसतात हं. काही ठिकाणी फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरला भलताच मुलगा. सर्दीला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागून बघा, जो देत नाही तो आपला माणूस. बीपीवाल्याने गुडघेदुखीची गोळी मागितली आणि समोरून बीपीचं विचारलं गेलं, तर ते दुकान सोडू नका, कारण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतो, किडनीवरही ताण येतो.

माझं मत विचाराल तर चिठ्ठी नवीन असेल किंवा काहीही बदललं असेल तर कोपऱ्यावरचंच मेडिकल, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालेल. ठरलेल्या, न बदलणाऱ्या गोळ्या जनऔषधीतून. ॲप आम्ही आता फक्त डायपर आणि शुगर तपासायच्या स्ट्रिप्ससाठी ठेवलंय. आणि जाताना नुसती चिठ्ठी नको, औषधांचा अख्खा डबाच घेऊन जा.