टॉवेल सरकला की एंटर दाबणारा बोर्ड: तीन महिने वापरून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. घडीच्या टेबलावर मजुरी डझनावर मिळते. आमच्या अक्का दिवसाला साठ-पासष्ट डझन घड्या घालतात आणि प्रत्येक डझनाला टेबलाच्या कडेला खडूची एक रेघ ओढतात. फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांच्या रेघा आणि माझं रजिस्टर यात पाच डझनांचा फरक आला. अक्का काही बोलल्या नाहीत, डबा उचलून निघून गेल्या. पाच डझनांची मजुरी म्हणजे त्यांच्या घरची भाजी. ते मला फार लागलं.

त्याच आठवड्यात टॉवेल आपोआप मोजायला नवी पेठेतून प्रो मायक्रो बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारं छोटं सर्किट, आणला, सहाशे वीस रुपयांना, सोबत समोर काही आलं की ओळखणारा पन्नास रुपयांचा आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) सेन्सर. हाच बोर्ड का, ते आधी सांगतो, कारण दुकानात पहिल्यांदा उनो नावाचा बोर्डच पुढे करतात. नेहमीच्या उनोतली (आर३) मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरला तो कीबोर्ड वाटत नाही. प्रो मायक्रोवरच्या एटीमेगा ३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच आहे. केबल लावली की कॉम्प्युटर त्याला साधा कीबोर्ड समजतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बोर्डात प्रोग्रॅम भरताना आर्डुइनो ॲपमध्ये बोर्ड ‘लिओनार्डो’ निवडायचा, कीबोर्डची लायब्ररी (तयार प्रोग्रॅम) जोडायची, बस. टॉवेल सेन्सरसमोरून गेला की बोर्ड ‘१’ टाइप करून एंटर दाबतो. एक्सेलमधला कर्सर एक घर खाली उतरतो, वर बेरीज तयार. आमची जुनी शीट जशी होती तशीच राहिली, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

खरी मेहनत सेन्सरने घेतली. पहिल्या दिवशी एक टॉवेल दोनदा मोजला जायचा, कारण घडीच्या दोन पदरांमधली फट सेन्सरला दिसायची. मग प्रोग्रॅममध्ये दोन अटी घातल्या: एकदा मोजल्यावर एक सेकंद काही मोजायचं नाही, आणि समोरची जागा पूर्ण मोकळी झाल्याशिवाय पुढचा आकडा नाही. दुप्पट मोजणी थांबली.

एप्रिलात नवंच निघालं. दुपारी तीननंतर आकडा जागेवरच थांबायचा. दोन दिवस वायरी तपासल्या, बोर्ड बदलायच्या विचारात होतो. शेवटी अक्कांनीच दाखवलं, “भाऊ, ऊन बघा की कुठं पडलंय.” पश्चिमेच्या खिडकीतून थेट सेन्सरवर ऊन येत होतं. उन्हातही आयआर असतंच, आणि सोलापूरचं एप्रिलचं ऊन! काळ्या पाइपचा बोटभर तुकडा सेन्सरवर चढवला, काम झालं. दुसरा त्रास तुसाचा. टॉवेलचं तूस सेन्सरवर बसलं की त्याला कायम समोर काहीतरी आहे असं वाटतं. आता सकाळी झाडू मारताना मऊ ब्रशही फिरतो. सेन्सरला टॉवेल आणि हात यातला फरक कळत नाही, म्हणून तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, थप्पी पडते तिथे लावलाय. तिथे कुणाचा हात जात नाही.

घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बोर्ड अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. पांढऱ्या मालासाठी मी ‘डब्ल्यू’ टाइप करायला लावलं होतं. कॉम्प्युटरची भाषा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर राहिली तर त्याजागी दोन मात्रा उमटायच्या. शिवाय जी खिडकी उघडी असेल तिथेच तो लिहितो. एकदा मी बिल करत बसलो आणि मालाच्या वर्णनात एकाखाली एक अकरा वेळा ‘१’ आले. तेव्हापासून एक साधं बटण जोडलंय, ते चालू असेल तरच कळा जातात. हे बटण पहिल्या दिवसापासूनच ठेवा. प्रोग्रॅम चुकला आणि बोर्ड सारखा टाइप करत सुटला, तर प्रोग्रॅम दुरुस्त करणंही जड जातं.

माझी खरी तक्रार यूएसबी सॉकेटची आहे. मिळालेला बोर्ड बिननावाचा, त्यावरचं मायक्रो यूएसबी नुसतं वरवर डागलेलं. महिन्याभरात केबलला पाय अडकला आणि सॉकेट पट्ट्यांसकट उपटून आलं. बोर्ड गेला. दुसरा आणला तेव्हा सॉकेटभोवती गरम गोंद भरला आणि केबल टेबलाच्या पायाला बांधून टाकली. तो अजून नीट चालतोय.

अक्का अजूनही खडूच्या रेघा ओढतात, आणि मी त्यांना ओढू देतो. संध्याकाळी त्या स्क्रीनसमोर उभ्या राहतात, बेरजेला बाराने भागून मी डझन सांगतो, त्या रेघा मोजतात. गेल्या शनिवारी त्रेसष्ट आणि त्रेसष्ट. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “आमच्याकडं पण लावा.” त्यांच्यासाठी टाइप-सी सॉकेटचा बोर्ड सांगून ठेवलाय, सोमवारी येईल.