'तुमची चासी तयार आहे': कोब्रा किटमध्ये १०,३०५ पौंड कसे गेले

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात कोब्राची, म्हणजे १९६० च्या दशकातल्या एसी कोब्रा या स्पोर्ट्स गाडीची, प्रतिकृती सुट्या भागांच्या किटमधून बांधायचा विचार असेल, तर पहिला हप्ता भरण्याआधी हे वाचा. माझे १०,३०५ पौंड गेले आहेत. बदल्यात हातात आहे एक वाकडी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), रबरी पट्ट्यांचं एक खोकं आणि बुडालेली कंपनी मोडीत काढणाऱ्या लिक्विडेटरचं पत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव उद्या बदलेल, पद्धत बदलणार नाही, म्हणून पद्धतच ओळखून ठेवा.

आधी हिशोब. जाहिरातीत 'कंप्लीट किट' १२,९५० पौंड. बुकिंगला ३० टक्के म्हणजे ३,८८५. चासी तयार झाली की ४० टक्के, ५,१८०. उरलेले ३,८८५ बॉडी ताब्यात घेताना. मधेच 'आयव्हीए पॅक' (आयव्हीए म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी चाचणी) म्हणून १,२४०. पहिले दोन हप्ते आणि हा पॅक मिळून १०,३०५, सगळे बँक ट्रान्सफरने. कारण कोटेशनवर छापलं होतं की कार्डाने दिलेत तर तीन टक्के जादा.

ती ओळच खोटी होती. ग्राहकाकडून कार्डाचा अधिभार घेणं ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून बेकायदा आहे. पहिल्या हप्त्यावरचे ११६ पौंड ५५ पेन्स वाचवण्याच्या नावाखाली कलम ७५ चं संरक्षण हातातून काढून घेतलं गेलं. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं हे कलम असं आहे: वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल आणि क्रेडिट कार्डाने नुसतं डिपॉझिट जरी भरलेलं असेल, तरी पूर्ण व्यवहाराला कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. कार्ड नको म्हणणारा किटवाला दिसला की तिथूनच परत फिरा. डेबिट कार्डाचा चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत मागणं) ही वेगळी गोष्ट आहे, त्याच्यामागे कायदा नाही.

'आधी चौकशी करायची ना' असं सांगणारे आता बरेच भेटतात. केली होती. वर्कशॉप डोळ्यांनी पाहिलं, डेमो गाडीतून चक्कर मारली, कंपनी नोंदलेली आहे हेही तपासलं. डेमो गाडी उत्तम होती: दारांच्या फटी एकसारख्या, स्टिअरिंग सरळ, ब्रेक दाबला की गाडी रेषेत थांबते. फक्त ती गाडी या माणसांनी बांधलेलीच नव्हती. किट कारच्या धंद्यात साचे आणि जिग (वेल्ड करताना भाग मापात धरून ठेवणारी चौकट) एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकले जातात, त्यांच्याबरोबर जुनी डेमो गाडीही जाते. नवा मालक तिच्याच जोरावर बुकिंग घेतो. तेव्हा डेमो गाडी बघून भुलू नका. गेल्या वर्षभरात ज्यांना किट पोचलं त्यांची गाडी दाखवा म्हणा, आणि ती आयव्हीए पास होऊन रस्त्यावर आलेली असली पाहिजे. 'ग्राहकांची खासगी माहिती देता येत नाही' हे उत्तर आलं तर ग्राहक नाहीत असं समजा.

आता तो फोटो.

ई-मेलचा विषय होता 'तुमची चासी तयार आहे'. फोटोत दोन स्टँडवर ठेवलेली उघडी चासी. नव्या वेल्डच्या कडेला उष्णतेची निळसर-तपकिरी झाक असते, आणि गंज धरलाच तर तो पातळ, सगळीकडे सारखा नारिंगी असतो. इथे वेल्डच्या खाचेत गंज काळा पडून मुरलेला. त्याहून वाईट म्हणजे डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर, थोडक्यात 'डिफ') जिथे बसतो त्या ब्रॅकेटच्या चारही भोकांभोवती नाण्याएवढं गोल, चकचकीत कडं. बोल्ट आवळून वॉशर दाबून बसल्याशिवाय असं कडं उमटत नाही. म्हणजे त्या चासीवर डिफ बसवून परत उतरवलेला होता. चासी कुणाची तरी जुनी, अर्धवट सोडलेली. ५,१८० पौंड तिच्यासाठी मागितले जात होते.

हे सगळं फोटोत आहे. आजही फोटो उघडला की आधी ती चार कडी दिसतात आणि डोकं फिरतं. पण त्या दिवशी फोटो होता फोनच्या पडद्यावर तळहाताएवढा, आणि खाली लिहिलेलं, शुक्रवारपर्यंत रक्कम आली नाही तर पावडर कोटिंगची पाळी जाईल, पुढची पाळी कधी ते सांगता येत नाही. चासी तयार झाली की हप्ता द्यायचा हे करारातच होतं. करार पाळणाऱ्या माणसाने काय करायचं? घाई लावलेली असते ती नेमकी यासाठी, की कुणी फोटो मोठा करून बघू नये.

म्हणून चासीचा हप्ता फोटोवर कधीच देऊ नका. स्वतः जा, आणि पावडर कोटिंगच्या आधी जा. कोटिंग चढलं की वेल्डमधली छिद्रं, कडेला खाल्लेला पत्रा, वरच्यावर बसलेला थंड वेल्ड, सगळं झाकलं जातं. माझी चासी आली ती काळ्या चकचकीत कोटिंगमध्ये. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात नखाने खरवडलं तर कोटिंगचा पापुद्रा सुटून आला आणि खाली लाल गंज. ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने सफाई) न करता गंजावरच पावडर मारलेली.

जाताना मोजपट्टी, ओळंबा आणि एक सरळ स्टीलची सळई न्या. पुढच्या डाव्या खालच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) भोकापासून मागच्या उजव्या बाजूच्या तशाच भोकापर्यंत मोजा, मग उलटा कर्ण मोजा. दोन्हींत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चासी घेऊ नका. ब्रॅकेटच्या दोन्ही कानांतून सळई न अडकता पार गेली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर बुश (सांध्यातलं रबर) पहिल्या हजार मैलांतच फाटेल. मूळ कोब्राचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ९० इंच, म्हणजे २,२८६ मिलिमीटर, आणि 'मूळ मापाची चासी' ही यांची जाहिरात होती. माझ्या चासीवर डावीकडे २,२८६ भरले, उजवीकडे २,२९७. अकरा मिलिमीटर. अशी गाडी अलाइनमेंट कितीही केली तरी एका बाजूला ओढते, कारण मागचा ॲक्सलच तिरका बसतो. ब्रॅकेट कापून जिगवर पुन्हा वेल्ड करणं हाच उपाय, आणि जिग कुणाकडे आहे? ज्यांनी फसवलं त्यांच्याकडे.

नळ्यांची जाडीही विचारा आणि तपासा. ४२७ कोब्राच्या दोन मुख्य नळ्या ४ इंच व्यासाच्या, आधीच्या लीफ स्प्रिंगवाल्या गाडीच्या ३ इंचाच्या. प्रतिकृतीत बहुतेक जण चौकोनी नळी वापरतात, त्यात गैर काही नाही. पण भिंत किती जाडीची हे कागदावर लिहून घ्या आणि अल्ट्रासॉनिक गेज लावून बघा. स्टिअरिंग रॅक बसतो ती जागाही नीट बघा. रॅकचे आतले सांधे विशबोनच्या आतल्या पिव्होटच्या रेषेत हवेत. रॅक वर-खाली बसवला असेल तर खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते, आणि हा दोष मागाहून शिम (पातळ चकत्या) टाकून पुरता जात नाही.

फायबरची बॉडी माझ्यापर्यंत पोचलीच नाही, पण वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कुणाची तरी ठेवलेली होती, तिच्यावरून सांगतो. आतून पांढरे कोरडे धागे दिसत असतील तर रेझिन पुरेसं मुरलेलं नाही. नाण्याने ठोकत जा, जिथे आवाज बसका येतो तिथे थरांमध्ये पोकळी आहे. साच्यातून लवकर काढलेली बॉडी नंतर पिळवटते, मग दारं आणि बॉनेट कधीच जुळत नाहीत. हेडलाइटच्या मध्यापासून दाराच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. दुसऱ्याच्या बॉडीवरून चोरून काढलेल्या साच्यात हे अंतर बहुधा दोन्हीकडे सारखं नसतं. बॉनेटवर तिरका उजेड टाकला की आतल्या चटईची वीण जेलकोटवर (बाहेरच्या गुळगुळीत थरावर) उमटलेली दिसते. रंगकाम करणारा त्याचे पैसे वेगळे घेतो.

आणि 'कंप्लीट' हा शब्द वाचून समाधान मानू नका. प्रत्येक नट-बोल्टासह यादी मागा. माझ्या कोटेशनमधल्या 'कंप्लीट'मध्ये वायरिंग लूम नव्हता, पेट्रोलची टाकी नव्हती, ब्रेकच्या नळ्या नव्हत्या, विंडस्क्रीनची चौकट नव्हती, स्टिअरिंग कॉलमचे युनिव्हर्सल जॉइंट नव्हते. प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणारा दांडा) कुठल्याच किटमध्ये गृहीत धरू नका, इंजिन आणि गिअरबॉक्स बसल्यावरच त्याची लांबी ठरते आणि तो मापाने करून घ्यावा लागतो. शिवाय इंजिन, डोनर गाडी (जिचे भाग काढून वापरायचे ती), चाकं, टायर, रंग आणि गादीकाम.

तो १,२४० पौंडांचा आयव्हीए पॅक तर शुद्ध लूट. रस्त्यावर आणण्याआधी घरी बांधलेल्या गाडीला आयव्हीए चाचणी पास करावी लागते, आणि परीक्षक बाहेरच्या उघड्या कडांची गोलाई बघतो: किमान २.५ मिलिमीटर त्रिज्या. डॅशबोर्डवरचे टोकदार टॉगल स्विच, एक्झॉस्टची टोकं, नंबर प्लेटची कड, यातच बरेच जण अडकतात. पॅकमध्ये आल्या रबरी पट्ट्या आणि दोन आरसे, आणि आरशांवर ई-मार्कच (मान्यतेची खूणच) नाही. चाचणीला त्यांचा काही उपयोग नाही. सीटबेल्टचे ७/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचे) नट चासीवर प्लेटसह वेल्ड केलेले हवेत, ते तर नव्हतेच.

नोंदणीचं आधी कळून घ्या, पैसे नंतर द्या. सगळे भाग नवे असतील तर गाडीला चालू काळाचा नंबर मिळतो, एखादा भाग रीकंडिशन केलेला चालतो, पावती हवी. नव्या किट चासीवर एकाच डोनर गाडीचे किमान दोन मुख्य भाग असतील तर डोनरच्या वयाचा नंबर. काहीच सिद्ध करता आलं नाही तर क्यू प्लेट (वय किंवा मूळ सिद्ध न झालेल्या गाडीचा, क्यू अक्षराचा नंबर), आणि क्यू प्लेटची गाडी विकताना भाव पडतो. जुनी, वापरलेली चासी 'नवी' म्हणून खपवली की खरेदीदाराचं इथेही नुकसान होतं, कारण नोंदणीच्या अर्जात त्या चासीबद्दल सही खरेदीदाराची असते.

तिसऱ्या हप्त्याच्या वेळी मागणी आली ६,४७५ पौंडांची. ३,८८५ ठरलेले आणि वर २,५९० व्हॅट. ग्राहकाला सांगितलेली किंमत व्हॅटसकट असावी लागते, तो वर मागता येत नाही. तेव्हा पैसे अडवले, वर्कशॉपचा फोन बंद झाला, आणि पुढचं पत्र लिक्विडेटरचं.

आणि ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं काय? बँक म्हणते ही फसवणूक नाही, हा 'दिवाणी वाद' आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बँक ट्रान्सफरने फसवल्या गेलेल्यांना ८५,००० पौंडांपर्यंत परतफेड करणं बँकांवर बंधनकारक आहे, पण विक्रेता खरा होता आणि माल नीट दिला नाही अशा वादांना त्यातून वगळलंय. दुसऱ्याची वापरलेली चासी नवी म्हणून विकणं ही फसवणूक नाही? चासी पोचली, म्हणून नाही, असं लेखी उत्तर आहे. पोलिसही तेच म्हणतात, दिवाणी मामला. तक्रार नोंदवून घेणाऱ्या यंत्रणेने एक क्रमांक दिला, मग 'तपासासाठी पुढे पाठवलेली नाही' असा छापील मजकूर. ग्राहक खात्याने सांगितलं, माहिती नोंदवून घेतली, वैयक्तिक प्रकरणं आम्ही चालवत नाही. फोटो, मापं, खरवडलेल्या कोटिंगची छायाचित्रं, सगळं जोडलेलं होतं. एकानेही चासी बघायला माणूस पाठवला नाही. दुकानातून दहा पौंडांची वस्तू उचलणाऱ्याला पकडतात, आणि दहा हजार घेणाऱ्याला 'कंपनी बुडाली' एवढं म्हणून सोडतात!

कोर्टाचंही ऐका. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेची) मर्यादा १०,००० पौंड. माझा दावा त्याच्यावर ३०५ ने. पूर्ण रक्कम मागायची तर फी पाच टक्के, ५१५ पौंड २५ पेन्स, आणि हरलो तर समोरच्याच्या वकिलाचा खर्च. ३०५ वर पाणी सोडलं तर फी ४५५. आणि एवढं करून निकाल कुणाविरुद्ध? ज्या कंपनीत काही उरलेलं नाही तिच्याविरुद्ध. लिक्विडेशनमध्ये आधी ठरावीक मालमत्तेवर तारण असलेले धनको, मग कामगारांची देणी, मग डिसेंबर २०२० पासून सरकारचा व्हॅट, आणि सगळ्यांच्या शेवटी बिनतारणी ग्राहक.

बुकिंग झालेलं असेल आणि माल आलेला नसेल, तर आजच कंपनीज हाऊसवर (सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर) फुकट बघा: हिशोब दाखल करायची तारीख उलटली आहे का, मालमत्तेवर नवा बोजा चढलाय का, संचालक कधी बदलले, त्याच संचालकांच्या आधी बुडालेल्या कंपन्या किती. कंपनी नोंदलेली आहे एवढं बघून भागत नाही. करारात लिहून घ्या की हप्ता दिल्या क्षणी अमुक नंबर ठोकलेली चासी खरेदीदाराच्या मालकीची, आणि तो नंबर तुमच्या डोळ्यांदेखत ठोकला जाऊ द्या. नाहीतर लिक्विडेटर ती कंपनीची म्हणून विकतो. माल आला आणि दोष दिसला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे ३० दिवसांत लेखी नाकारा. दुरुस्त करून देतो म्हणून फोनवर झुलवतात ते हे ३० दिवस जावेत म्हणूनच.

कंपनी बुडाल्यावर त्याच संचालकांनी तेच किंवा त्याच्यासारखं नाव घेऊन पाच वर्षांच्या आत धंदा मांडणं १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम २१६ खाली गुन्हा आहे, मोजके अपवाद सोडून. असं नाव दिसलं तर जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि लिक्विडेटरला लेखी कळवा. आपल्या येणे रकमेचा दावा सिद्ध करायचा फॉर्मही तिथूनच मिळतो. तो बँकेच्या नोंदींसह मुदतीत भरा, हाती पेनी लागेल की नाही याची वाट न बघता.