ह्वेला शिवलेला आओ याय: झगा अव्वल, पायजमा नापास

ब्लाउज शिवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. कुणी नवा कपडा दाखवला की मी आधी तो उलटा करते, आतली शिवण बघते, आणि मगच छान म्हणायचं की गप्प बसायचं ते ठरवते. मुलगी नोकरीसाठी व्हिएतनाममध्ये दा नांगला असते. गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेले, तर पहिल्याच रविवारी ती मला होई आनला घेऊन गेली, कारण तिथे चोवीस तासांत आओ याय, म्हणजे खाली विजार घालून वर चढवायचा तिथला लांब झगा, शिवून मिळतो. दुकानं ओळीनं. एकात शिरून पुतळ्यावरचा झगा उलटा केला. बगलेत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, दोरे लोंबलेले, गळपट्टी ताठ ठेवणारं बुक्रम आत्तापासूनच फुगलेलं. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, टुरिस्टांना चालतं. मला नाही चालत.

मुलीच्या ऑफिसातली एक बाई म्हणाली, मग ह्वे शहरात जा. दा नांगहून आगगाडीनं अडीच-तीन तास, हाय व्हानच्या घाटातून, खाली समुद्र. ज्याबद्दल लिहिते आहे ते दुकान तिथल्या दोंग बा बाजाराजवळच्या एका गल्लीत आहे. नाव देता येत नाही, कारण नाव नाहीच. पाटीवर फक्त 'माय आओ याय' लिहिलंय, म्हणजे 'आओ याय शिवून मिळेल'. (हनोईकडचे लोक 'झाय' म्हणतात, ह्वे आणि सायगॉनकडचे 'याय'. अर्थ साधा आहे: आओ म्हणजे अंगातलं, याय म्हणजे लांब.)

आत गेल्यावर दुकानाच्या शिंपीण बाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर माझं वय. मला जरा खटकलं. मग मुलीनं समजावलं की वय कळल्याशिवाय इथे हाक मारता येत नाही, 'तुम्ही' असा सर्वांना चालणारा शब्दच भाषेत नाही. त्या एकसष्ट, मी चौपन्न. म्हणून त्या माझ्या 'ची', थोरली बहीण, आणि मी 'एम', धाकटी. मुलीनं त्यांना 'बाक' म्हणायचं, कारण त्या तिच्या आईपेक्षा मोठ्या. लहान असत्या तर 'को' झाल्या असत्या. नाती लागल्यावर टेप निघाली.

मी ब्लाउजला अकरा मापं घेते. ह्या बाईंनी एकोणीस घेतली, मी मोजली. छाती तीन ठिकाणी. मानेचा घेर दोनदा, एकदा ताठ उभं करून आणि एकदा खाली बघायला लावून. खांद्यापासून कंबर पुढून वेगळी, मागून वेगळी. दंड, कोपर, मनगट. आणि शेवटी प्रश्न: टाच किती उंच? मी सपाट चपला घालते म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्याचं फळ पुढे येतंच.

कापड निवडताना मी एक आगाऊपणा केला. 'तो ताम' म्हणून जे दाखवलं, म्हणजे रेशीम, त्याचा पदर हातात धरूनच शंका आली. कडेचा एक धागा ओढला आणि लायटर मागितला. धाग्याची काळी टणक गोळी झाली. खरं रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. बाई रागावतील असं वाटलं होतं, तर त्या खदखदून हसल्या, मागच्या कपाटाची किल्ली काढली आणि हनोईकडच्या 'हा दोंग' भागातल्या व्हान फुक गावचं कापड पुढ्यात टाकलं, अंगातच वेलबुट्टी विणलेलं. किंमत जवळजवळ तिप्पट. धागा जाळायला त्यांनी स्वतःहून लायटर पुढे केला. एक तारा ह्या प्रकरणासाठी कापते आहे, कारण लायटर मागितला नसता तर किल्ली निघाली नसती. रंग जांभळा घेतला. ह्वेचा म्हणून जो जांभळा ओळखला जातो तोच. 1917 साली जिची कोनशिला बसली त्या दोंग खान्ह मुलींच्या शाळेचा आओ याय ह्याच रंगाचा होता. मुलीला मात्र बाई पांढराच दाखवत राहिल्या, लग्न झालेलं नाही ना म्हणून. पांढरा शाळकरी मुलींचा आणि कुमारिकांचा, गडद रंग संसारी बायकांचा, अशी जुनी समजूत. मुलगी एकतीस वर्षांची आहे. तिनं गडद हिरवा घेतला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ट्रायलला वेळ होता, बाहेर ह्वेचा ऑक्टोबरातला पाऊस, थांबायचं नाव नाही. मी मघापासून प्रत्येक गोष्ट उलटी करून बघते आहे हे बाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी एका पत्र्याच्या पेटीतून आजीचा आओ याय काढला आणि माझ्यासमोर उलटाच पसरला. दोन शिंपिणी भेटल्यावर भाषा लागत नाही म्हणतात ते खोटं आहे, मुलगी नसती तर निम्मं कळलं नसतं. पण शिवण मला वाचता आली.

तो पाच तुकड्यांचा होता, 'आओ न्गू थान'. पाठीवर मधोमध सरळ शिवण, पुढेही तशीच, आणि उजवीकडे पुढच्या भागाच्या आत लपलेला एक अरुंद पाचवा तुकडा. खांद्याला शिवणच नाही. अंगाचं कापड तसंच बाहीत जातं आणि दंडाच्या खाली जोड लागतो. असं का, हे मला सांगावं लागलं नाही. जुन्या हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद, एका पन्ह्यात अंग मावत नाही, म्हणून मध्ये जोड. बाईंनी सांगितला तो अर्थ वेगळा: पुढचे दोन आणि मागचे दोन तुकडे म्हणजे आपले आईवडील आणि सासूसासरे, आतला पाचवा म्हणजे ती बाई स्वतः. पाच गुंड्या म्हणजे माणुसकी, रीत, न्याय, शहाणपण आणि विश्वास. मला विचाराल तर आधी पन्हा आणि मागाहून अर्थ. सासूसासऱ्यांना दर्शनी बाजू आणि स्वतःला आतला अरुंद तुकडा, हा हिशेब ऐकून आम्ही मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

हा पोशाख ह्वेतच का शिवायचा, त्याचं कारणही तिथेच कळलं. 1744 साली न्गुएन फुक ख्वात ह्या दक्षिणेच्या अधिपतीनं स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि प्रजेनं काय घालायचं तेही ठरवून दिलं: पुढून गुंड्यांचा झगा आणि खाली विजार, बायकांनीसुद्धा. त्याची राजधानी फू स्वान म्हणजे आजचं हे ह्वे. उत्तरेत त्रिन्ह घराण्याचा अंमल, तिथल्या बायका घागरा नेसायच्या. आपण त्यांच्याहून वेगळे, हे लांबूनच दिसावं म्हणून विजार! पुढे सगळा देश एकाच गादीखाली आला, तेव्हा 1820 ते 1841 राज्य करणाऱ्या मिन्ह मांग राजानं उत्तरेतल्या बायकांनाही घागरा सोडायला लावला. त्या हुकमाची टर उडवणारं लोकगीत अजून लोकांच्या तोंडी आहे, त्यात घागऱ्याला 'बूड नसलेली विजार' म्हटलंय. बाईंनी ते म्हणून दाखवलं आणि 'बूड' ह्या शब्दाला इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली.

दुसऱ्या दिवशी ट्रायल. आणि इथे मी ह्या बाईंना मानलं. ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळं रडं मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलात असतं. हात खाली सोडला की बगलेत सुरकुत्या, सैल केलं तर फुगा, घट्ट केलं तर हात वर जात नाही. माझ्या अंगावरच्या आओ यायला मुंढाच नव्हता. शिवण गळपट्टीपासून निघते आणि तिरकी बगलेत उतरते, म्हणजे आपली रॅगलन. 1960 च्या दशकात सायगॉनच्या दा काओ भागातल्या दुंग नावाच्या शिवणदुकानानं ही रॅगलन बाही आओ यायला लावली आणि सुरकुत्या मिटवल्या. एवढंच नाही, उजवीकडची तिरकी शिवण हेच कपड्याचं तोंड. टिचबटणं गळ्यापासून त्याच रेषेनं बगलेत आणि तिथून कुशीनं कंबरेपर्यंत. उघडायची जागा आणि बाहीची शिवण एकच केल्यामुळे पुढचा भाग सलग राहतो, एक जोड नाही, एक काज नाही. मी दोन्ही हात वर केले, खाली सोडले, पुन्हा वर केले. बगल गुळगुळीत. छातीवर दोन टक्स, कंबरेला दोन, बस.

म्हणजे ज्याला सगळे 'पारंपरिक' म्हणतात तो हा घट्ट बसणारा कपडा माझ्या आईच्या वयाचाही नाही. मधल्या पायऱ्याही बाईंना तोंडपाठ होत्या. 1934 च्या सुमाराला हनोईत न्गुएन कात तुओंग नावाच्या चित्रकारानं 'फोंग होआ' साप्ताहिकातून नवे नमुने काढले: फुगा बाह्या, लेस, नाना आकारांचे गळे. तुओंग म्हणजे भिंत, फ्रेंचमध्ये ल म्युर, म्हणून त्या झग्याचं नाव लेमुर. लगेच दुसरा चित्रकार ले फो यानं त्यातले फुगे आणि झालरी काढून टाकल्या आणि कंबर मात्र राहू दिली. 1958 मध्ये मादाम न्हू, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांची भावजय त्रान ले स्वान, गळपट्टीच काढून नावेसारखा उघडा गळा घालून मिरवली आणि गहजब झाला. घटस्फोटावर बंदी आणणारा कायदा रेटणारी बाई तीच. बाईंना ती मुळीच आवडत नाही. पण तो गळा शिवायला त्या आजही नाही म्हणत नाहीत, उन्हाळ्यात मागणी असते.

1975 नंतरचं, म्हणजे युद्ध संपल्यावरचं, त्यांनी थोडक्यात सांगितलं. कापड कुपनावर. आईनं शिवलेले दोन आओ याय उसवून भावंडांचे सदरे केले, कारण दोन लांब पदरांत तीन सदरे निघतात. दुकानात कित्येक वर्षं फक्त शर्ट आणि विजारी. आर्थिक धोरण बदललं ते 1986 मध्ये, मग हळूहळू लग्नाची गिऱ्हाइकं परत आली, आणि 1989 मध्ये सायगॉनला आओ यायची सौंदर्यस्पर्धा झाली तेव्हा, त्यांच्या शब्दांत, मशीनला पुन्हा तेल मिळालं. आता तर ह्वेच्या सांस्कृतिक खात्यातले पुरुषसुद्धा 2020 पासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच तुकड्यांचा झगा घालून कामावर येतात, आणि 2024 मध्ये ह्वेच्या आओ यायचं शिवणज्ञान आणि तो घालण्याची रीत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. यादीतलं 'शिवणज्ञान' म्हणजे मुंढा, पन्हा आणि टिचबटण, हे यादी करणाऱ्यांना ठाऊक असेल अशी आशा.

हो ची मिन्ह शहरात, म्हणजे सायगॉनला, डिझायनर सी ह्वांग यांनी 2014 साली उघडलेलं आओ यायचं संग्रहालय आहे. प्रसिद्ध बायकांचे झगे बघायचे असतील तर जरूर जा. पण तिथे उलटं करून बघू देत नाहीत.

आता तक्रारी. गळपट्टी चार सेंटिमीटर उंच. मी म्हटलं तीन करा, गुदमरतं. बाईंनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि मान वर केली: अशी राहायला हवी. केली नाहीच. दिवसभर घातल्यावर कळतं की ह्या कपड्यात पोक काढून बसताच येत नाही, आणि नूडल्सच्या वाटीवर वाकायचं तर वाटीच तोंडाशी आणावी लागते. बसायच्या आधी मागचा पदर उचलून बाजूला घ्यायचा असतो. मी तशीच बसले, उठताना पदरानं ओढलं आणि कंबरेची दोन टिचबटणं टचकन सुटली. चीर कंबरपट्ट्याच्या किंचित वर सुरू होते, कुशीत दोन बोटं कातडी दिसते. मुलगी म्हणाली तीच तर गंमत आहे. मी आतून हूक लावून घेतला. चिनी छिपावच्या चिरेतून मांडी दिसते, इथे खाली पूर्ण विजार असते, त्यामुळे चीर कितीही वर गेली तरी चालतं अशी सगळ्यांची समजूत दिसली.

पायजमा. टाच नाही, हे मी सांगितलं होतं. शिवला पाच सेंटिमीटर टाचेच्या हिशेबानं. ओल्या गल्लीत वीस पावलं चालले आणि पांढऱ्या सॅटिनच्या कडेला चिखलाची पट्टी. परत दिला तर म्हणाल्या, टाच विकत घे. मी हटले नाही, तेव्हा आखूड करून दिला, पण मशीनची टीप मारून, आणि दोरा शुभ्र, कापड मोतिया. ज्या हातांनी ती तिरकी शिवण घातली त्यांनीच ही टीप मारली असेल असं वाटत नाही. आत मशीनवर एक पोरगा बसलेला दिसला होता.

पैसे: कापड 24 लाख दोंग (तिथलं चलन), शिलाई 5 लाख, रोख. घासाघीस केली नाही. दोन दिवस सांगून तिसऱ्या दिवशी दिला, पावसाचं कारण. जाणार असाल तर ज्या चपला घालणार त्या पायात, जे आतले कपडे घालणार ते अंगात, आणि लायटर पर्समध्ये ठेवा.

घेताना अर्थातच उलटा केला. दोन्ही कुशींना तीन-तीन सेंटिमीटर माया, कडा हातानं तुरपलेल्या, टाका एकसारखा. बाईंनी त्या मायेवर बोट ठेवलं, मग माझ्या पोटावर ठेवलं, आणि म्हणाल्या, तेत (तिथलं नवं वर्ष) आला की उसव.

पायजम्याची टीप दा नांगला परतल्यावर मी उसवली आणि हातानं पुन्हा मुडपली. दोऱ्याचा रंग अजून जुळलेला नाही.