‘कना यारी’ : दंबूरा आणि रॅप यांचे जमलेले गाणे

रॅप आणि लोकसंगीत यांची सांगड घालणारी बहुतेक गाणी ऐकताना ठिगळाचा टाका दिसत राहतो : लोकगायक मुखडा गाऊन बाजूला होतो, रॅपर आपल्या ओळी म्हणून जातो आणि पुन्हा तोच मुखडा येतो. कोक स्टुडिओ पाकिस्तान या संगीत कार्यक्रमाच्या १४व्या पर्वात जानेवारी २०२२ मध्ये आलेले ‘कना यारी’ हे बलोची गाणे मात्र एकसंध वाटते. याचे श्रेय मी चालीपेक्षाही भाषेला देईन. कैफी खलील, रॅपर इवा बी आणि लोकगायक अब्दुल वहाब बुग्ती हे तिघेही बलोचीतच गातात आणि प्रेमात झालेल्या दग्याची एकच तक्रार तिघे आपापल्या रीतीने मांडतात.

कैफी आणि इवा बी हे दोघे कराचीच्या ल्यारी भागातले. मोठी बलोच वस्ती असलेला हा जुना भाग टोळीयुद्धांमुळे बदनाम झाला, पण फुटबॉल, मुष्टियुद्ध आणि अलीकडे हिपहॉप यांसाठीही तो ओळखला जातो. अमेरिकी रॅपर एमिनेमची गाणी ऐकून रॅपकडे वळलेली इवा बी नकाबातच वावरते. तिचा चेहरा दिसत नसल्याने ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दफेकीकडे जाते, आणि ती शब्दफेक खरोखरच तोलामोलाची आहे. बलोची कळत नसूनही तिच्या ओळींतला ठसका कळतो, कारण ती रडत नाही. नळावरच्या भांडणात एखादी बाई समोरच्याचा हिशेब शांतपणे चुकता करते, तसा तिचा सूर आहे. मुख्य म्हणजे ती आली म्हणून ठेका बदलत नाही. ज्या नाचत्या लयीवर बाकीचे दोघे गातात त्याच लयीवर ती बोलते, त्यामुळे रॅप हा पाहुणा न राहता घरचाच होतो.

वहाब बुग्ती यांच्या हातातला दंबूरा हे लांब मानेचे तंतुवाद्य स्वर आणि ठेका दोन्ही धरून ठेवते. आपल्याकडे तमाशात तुणतुणे जे काम करते, साधारण तेच. त्यांचा आवाज उघड्या माळावर लांब पोहोचावा असा कमावलेला आहे आणि तो आला की इतका वेळ मजेत चाललेल्या गाण्याला एकदम वय येते. (पानिपतानंतर कैद होऊन बलुचिस्तानात गेलेल्या मराठ्यांचे वंशज तिथल्या बुग्ती टोळीत मिसळले, अशी समजूत आपल्याकडे प्रचलित असल्यामुळे हे आडनाव ऐकून मराठी श्रोता किंचित सावरून बसतो, हेही खरे.)

माझी तक्रार आहे ती इथेच. वहाब यांच्या वाट्याला आलेला वेळ फार थोडा आहे, आणि खालच्या पट्टीतल्या भरदार बासमुळे दंबूऱ्याची बारीक झंकार मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ हरवते. हेडफोन लावल्यावर ती सापडते. निर्माते झुल्फी यांनी या पर्वात प्रत्येक गाण्यासाठी वेगळा देखावा उभारण्याची पद्धत आणली. त्याने चित्रफीत देखणी झाली आहे, तरी पूर्वीच्या पर्वांत वादकांचे हात जवळून पाहायला मिळत, ते सुख कमी झाले. शिवाय लोकगायकाला मिळणारी प्रसिद्धी आणि त्याचे रोजचे जगणे यांतले अंतर किती, हे त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या पुरात दिसले : कोट्यवधी वेळा पाहिल्या गेलेल्या या गाण्याच्या गायकाचे बलुचिस्तानातले घर पाण्याने नेले होते.

तरीही गाणे पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते. पहिल्यांदा चित्रफीत न पाहता, डोळे मिटून ऐकावे. आणि जमल्यास त्यानंतर वहाब यांचे नुसत्या दंबूऱ्यावरचे गायन शोधून ऐकावे, म्हणजे मिश्रणात काय विरघळले आणि काय तसेच राहिले ते नेमके कानावर येते.